खाणीच्या कड्यावरचे शृंगी घुबड

गेल्या काही आठवड्यांत दगडखाणींविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांत घुबडांचा उल्लेख आहे. योगायोग असेल, परंतु विषय एकच असल्याने या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांची आणि गावांची नावे मुद्दाम वगळली आहेत; त्यामागचे कारण पहिल्या उत्तरात येईलच.

प्रश्न : आमच्या गावाच्या (पुणे जिल्हा) गायरानालगत असलेल्या टेकडीवर सुमारे ४ हेक्टरांची दगडखाण आणि खडी क्रशर आहे. खाणमालकांनी शेजारच्या आणखी साडेतीन हेक्टरांसाठी अर्ज केला असून ग्रामपंचायतीच्या फलकावर जनसुनावणीची सूचना लागली आहे. नव्याने मागितलेल्या जागेत एक जुनी, पंधरा-सोळा वर्षांपासून बंद पडलेली खाण येते आणि तिच्या कड्यातील एका कपारीत शृंगी घुबडांची जोडी दर हिवाळ्यात अंडी घालते. मी शाळेत शिकवते आणि गेली पाच वर्षे मुलांना घेऊन लांबून ही जोडी पाहते आहे. मी हरकत घेणार असे म्हटल्यावर गावात माझे हसे झाले. घुबडासारख्या अपशकुनी पक्ष्याला खरोखर कायद्याचे संरक्षण आहे का? असल्यास हरकतीत नेमके काय लिहावे?

उत्तर : संरक्षण आहे, आणि ते आपल्याला वाटते त्याहून अधिक नेमके आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचून पाहावी. बंदूक, फासा, विष एवढ्यावर ती थांबत नाही. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांची नासधूस करणे, तसेच अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव पोहोचवणे, हेही कलम २ च्या पोटकलम १६ नुसार शिकारीत मोडते आणि कलम ९ ने अशा शिकारीला मनाई केली आहे. आपल्या हरकतीचा कणा हाच असावा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. २०२२ च्या दुरुस्तीने या अधिनियमाच्या अनुसूचींची नव्याने मांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी संरक्षित प्राण्यांच्या चार अनुसूची होत्या, आता दोनच आहेत. बाजारात आणि शाळेच्या कपाटांत आढळणाऱ्या पुस्तिकांत घुबडे ‘अनुसूची चार’मध्ये दाखवलेली असतात, आज चौथ्या अनुसूचीचा अर्थच निराळा आहे. हरकतीत जुना क्रमांक लिहिला की समोरचा सल्लागार पहिल्याच मिनिटाला तो खोडून काढतो आणि मग उरलेले बरोबर मुद्देही सभागृहाला डळमळीत वाटू लागतात. चालू यादीत पक्ष्याचे शास्त्रीय नाव ‘बुबो बेंगालेन्सिस’ शोधून त्यापुढील अनुसूची लिहावी.

दुसरी चूक याहून अधिक आढळते. पक्षिप्रेमाच्या भरात आपण ‘नामशेष होत चाललेले दुर्मीळ घुबड’ असे लिहून बसतो. शृंगी घुबड तसे नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ते ‘किमान चिंता’ या वर्गात आहे आणि महाराष्ट्रातील माळरानांच्या, ओढ्यांच्या, कड्यांच्या परिसरात ते बऱ्याच ठिकाणी आढळते. जाती संपेल असा दावा केला तर तो टिकणार नाही. परंतु या कपारीतील वीण या प्रस्तावाने बंद पडेल, हा दावा टिकतो, कारण तो पुराव्याने दाखवता येतो. हरकत घुबडांच्या वतीने नसावी, या कड्याच्या वतीने असावी.

आता त्या कड्याविषयी. शृंगी घुबड काड्याकुड्या आणून घरटे बांधत नाही. कपारीत, कातळाच्या फळीवर, ओढ्याच्या दरडीत, कधी झुडपाच्या आडोशाला उघड्या मातीवरच मादी साधारण दोन ते चार अंडी घालते. विणीचा काळ मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल असतो. उबवण सुमारे पाच आठवडे चालते आणि पिल्ले उडू लागल्यानंतरही कित्येक महिने आईबापांवर अवलंबून राहतात. जागा पसंत पडली की तीच जोडी वर्षानुवर्षे तिथेच परत येते. म्हणजे आपल्या टेकडीवर पाच वर्षांत दिसलेली जोडी योगायोगाने तिथे नाही, आणि फेब्रुवारीत त्या बाजूला सुरुंग लावला तर उठून गेलेल्या मादीच्या मागे अंडी नुसत्या मातीवर, उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडी पडतील.

खाणमालकांचे सल्लागार येथे एक युक्तिवाद हमखास करतील आणि तो अगदीच पोकळ नाही, म्हणून त्याची तयारी ठेवावी. ते म्हणतील, हा कडा निसर्गाने घडवलेला नाही, खाणीनेच घडवलेला आहे. खाणीमुळे घुबड आले, तर नव्या खाणीतही ते राहील. पहिला भाग खरा आहे. उभा, तुटलेला, माणसाचा पाय सहज न पोहोचणारा कातळ या पक्ष्याला हवा असतो आणि सोडून दिलेल्या खाणींतून तो मिळतो. परंतु या वाक्यातील महत्त्वाचा शब्द ‘सोडून दिलेल्या’ हा आहे. आपल्या पत्रानुसार ही खाण पंधरा-सोळा वर्षे बंद आहे. म्हणजे या कड्याला घुबडाजोगी शांतता लाभली ती काम थांबल्यामुळे. चालू खाणीत दर आठवड्याला जागा बदलणारी दरड आणि तिच्याखाली फिरणारे पोकलेन यांना त्या कड्याची सर येत नाही. हरकतीत हा मुद्दा आपणच आधी मांडावा. प्रतिपक्षाचा युक्तिवाद स्वतःहून मांडून त्याचे उत्तर देणाऱ्या अर्जाकडे अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

पुरावा कसा जमवावा, हे आपण शिक्षिका असल्याने आपल्याला सोपे जाईल. तारीख, वेळ, कोठून पाहिले, काय दिसले, काय ऐकू आले अशी वही ठेवावी. संध्याकाळी दिवस कलला की नर कड्याच्या टोकावर येऊन बसतो आणि घुमणाऱ्या आवाजात ‘बू-बूऽ’ अशी दोन सुरांची साद देतो. ती किती वाजता ऐकली याची नोंद छायाचित्राइतकीच मोलाची असते. कपारीखाली चुन्याचे ओघळ यावेत तसे विष्ठेचे पांढरे पट्टे कातळावर दिसतात, त्यांचे छायाचित्र लांबून घ्यावे. बसायच्या जागेखाली राखाडी, लोकरीसारख्या गोळ्या पडलेल्या असतात; न पचलेला भाग घुबड तोंडावाटे टाकते, त्या या गोळ्या. वाळलेली गोळी काडीने उलगडली तर केसांच्या गुंत्यातून आधी एखादी बरगडी, मग उंदराचा जबडा आणि त्यात अजून घट्ट बसलेला पिवळसर पटाशीचा दात बाहेर येतो. शेजारी पेन ठेवून तिचे छायाचित्र काढावे आणि गोळी तिथेच सोडावी. पडलेले पीससुद्धा घरी आणू नये, कारण वन्य प्राण्यांचे अवशेष बाळगणे हाही त्याच कायद्याचा विषय होतो आणि आपली हरकत आपल्यावरच उलटू शकते. विणीच्या दिवसांत कपारीजवळ जाणे, प्रखर झोताने छायाचित्र घेणे, मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे हे टाळावेच. पुरावा गोळा करताना आपणच उपद्रव केला, असे होऊ नये.

त्या गोळीतील दाताचा उपयोग गावासाठीही आहे. पुण्यातील एला फाउंडेशनच्या अभ्यासकांनी शृंगी घुबडाच्या आहाराचा बारकाईने अभ्यास केला असून शेतीच्या परिसरात त्यात उंदीर-घुशींचा वाटा मोठा असल्याचे दाखवून दिले आहे. हसणाऱ्यांपैकी एखाद्याच्या शेतात या वर्षी घुशींनी बांध पोखरला असेल, तर त्याला ती वही दाखवावी. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी या गावात २०१८ साली घुबडांचा उत्सव भरला होता आणि त्यात शाळेतील मुले मोठ्या संख्येने होती, हेही सांगायला हरकत नाही. अपशकुनाची समजूत व्याख्यानाने जात नाही, मुलांच्या बोलण्याने कधीकधी जाते.

आता प्रक्रियेकडे वळू. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार खाणीच्या विस्तारालाही पूर्वमंजुरी लागते. आपल्या प्रकरणात जुने चार आणि नवे साडेतीन मिळून साडेसात हेक्टर होतात, पाच हेक्टरांची मर्यादा ओलांडली जाते, म्हणूनच जनसुनावणी ठेवली आहे. सुनावणीची जाहिरात वृत्तपत्रांत देऊन लोकांना किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते आणि या काळात आघात मूल्यांकनाचा मसुदा अहवाल व त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय येथे पाहण्यासाठी उपलब्ध असतो. माहितीच्या अधिकारात अर्ज करून वाट पाहत बसू नये. त्या उत्तराची मुदतही ३० दिवसांचीच आहे आणि तोवर सुनावणी उरकलेली असेल. सरळ कार्यालयात जाऊन अहवाल पाहण्यास मागावा आणि केवळ सारांशावर समाधान मानू नये.

अहवालात सर्वप्रथम पक्ष्यांची यादी उघडावी. बहुतेक वेळा तीत कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा, बगळा असे डझनभर पक्षी असतात आणि घुबड नसते. याचे कारण दरवेळी लबाडीच असते असे नाही. पाहणी करणारा माणूस सकाळी गाडीने येतो, दुपारी जातो, आणि घुबड त्याच्या वेळेत कामावर नसते. म्हणून विचारायचे ते असे : पाहणी कोणत्या तारखांना झाली, सूर्यास्तानंतर कोणी थांबले होते का, जुन्या खाणीच्या कड्याची स्वतंत्र पाहणी झाली का? २००६ च्या अधिसूचनेसोबतच्या अर्ज-नमुन्यात १५ किलोमीटरच्या परिघात संरक्षित किंवा संवेदनशील प्राण्यांची वीण, घरटी, चारा किंवा विसावा यांच्या जागा आहेत का, असा थेट प्रश्न आहे. त्यापुढे ‘नाही’ लिहिलेले असेल तर त्या पानाची नोंद घ्यावी, कारण माहिती जाणीवपूर्वक दडवली अथवा चुकीची दिली तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते, अशी तरतूद त्याच अधिसूचनेच्या परिच्छेद ८ मध्ये आहे.

विस्ताराच्या प्रस्तावात आणखी एक कागद पाहण्याजोगा असतो. चालू खाणीला पूर्वी दिलेल्या मंजुरीच्या अटी पाळल्या गेल्याचा प्रमाणित अहवाल. कडेने झाडे लावणे, रस्त्यावर पाणी मारणे, ठरलेल्या वेळेतच सुरुंग लावणे अशा अटी असतात. झाडांच्या जागी वाळलेली रोपे आणि प्लास्टिकच्या पिशव्या दिसत असतील तर तारखेसह छायाचित्रे जोडावीत. धूळ, विहिरींचे पाणी, डंपरमुळे उखडलेला रस्ता या तक्रारी जरूर कराव्यात, मात्र त्या स्वतंत्र कागदावर. सगळे एकाच अर्जात घातले की इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली’ एवढे एकच वाक्य उरते आणि घुबड त्यात हरवते.

हरकतीचा मुख्य परिच्छेद साधारण असा असावा : ‘प्रस्तावित विस्तार क्षेत्रातील जुन्या, वापरात नसलेल्या खाणीच्या पूर्वाभिमुख कड्यावर शृंगी घुबडाचे विणीचे ठिकाण असून गेल्या पाच हंगामांतील नोंदी सोबत जोडल्या आहेत. मसुदा अहवालातील पक्षिसूचीत या जातीचा उल्लेख नाही आणि सूर्यास्तानंतर पाहणी झाल्याचे अहवालावरून दिसत नाही. सदर कड्याचे उत्खनन झाल्यास अथवा विणीच्या काळात त्यालगत सुरुंग लावल्यास अंडी व घरट्यास उपद्रव पोहोचेल, आणि हे कृत्य वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) व कलम ९ च्या कक्षेत येते. सबब वनविभागाच्या उपस्थितीत सायंकाळची पाहणी होईपर्यंत प्रस्तावावर निर्णय घेऊ नये, आणि कोणत्याही परिस्थितीत सदर कडा व त्याभोवतीचा पुरेसा पट्टा विस्तार क्षेत्रातून वगळावा.’ कडा कोणत्या दिशेचा, हंगाम किती, हे अर्थात आपल्या वहीप्रमाणे बदलावे. ‘पुरेसा पट्टा’ म्हणजे किती मीटर, याचा ठरीव आकडा कायद्यात नाही. तो वनविभागाने जागेवर पाहून सुचवावा अशी मागणी करणे अधिक सुरक्षित आहे.

नेमक्या जागेचे अक्षांश-रेखांश, नकाशा आणि कपारीची जवळून घेतलेली छायाचित्रे मात्र जाहीर अर्जाला जोडू नयेत. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडणाऱ्यांचा व्यापार देशभर चालतो आणि इतिवृत्त हा जाहीर कागद असतो. ही माहिती बंद लिफाफ्यात उपवनसंरक्षकांकडे द्यावी आणि हरकतीत ‘तपशील वनविभागाकडे सादर’ एवढेच लिहावे. या सदरात गावांची नावे नाहीत ती याच कारणाने.

अर्जाच्या तीन प्रती कराव्यात : एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला, एक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, एक स्वतःसाठी. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नये. सुनावणीच्या दिवशी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले, अपर जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेले अधिकारी अध्यक्षस्थानी असतात आणि संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते. तीन मिनिटांत बोलावे. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते. लोक तोवर उठून जेवायला गेलेले असतात. आपण बसून राहावे आणि आपला मुद्दा वाचला गेला नाही तर तेथल्या तेथे उभे राहून सांगावे.

यातून प्रस्ताव पूर्णपणे फेटाळला जाईल अशी आशा मी दाखवणार नाही. सुनावणी घेणारे अधिकारी निर्णय देत नाहीत. इतिवृत्त राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीकडे आणि तिच्या शिफारशीने पर्यावरण मंजुरी देणाऱ्या राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जाते. चांगल्या हरकतीचे फळ बहुधा क्षेत्र घटवणे, कडा वगळणे किंवा विणीच्या महिन्यांत काम बंद ठेवण्याची अट या रूपात मिळते. मंजुरी दिली गेलीच आणि त्यात आपल्या मुद्द्याचा विचार झालेला नसेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. विलंबाचे सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते, त्यापुढे मुळीच नाही. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. मंजुरी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर प्रसिद्ध होते, ते दर आठवड्याला पाहत राहावे.

प्रश्न : आमच्याकडे खाणमालकाने ४.९ हेक्टरांचाच अर्ज केला आहे, त्यामुळे जनसुनावणी लागत नाही असे तहसील कार्यालयात सांगितले. त्याच डोंगराच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन खाणी आहेत. डोंगरात घुबडे आहेत, रात्री आम्ही ऐकतो. सुनावणीच नाही तर हरकत कोठे घ्यायची?

उत्तर : ४.९ हा आकडा आपल्याकडच्या खाणपट्ट्यांत फार लोकप्रिय आहे, आणि तो का लोकप्रिय आहे हे आपण ओळखलेच आहे. गौण खनिजाच्या (खडी, मुरूम यांसारख्या) पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही, म्हणजे खाणकामासाठी दिलेल्या जागांनाही, पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी स्पष्ट केले. त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने समूहाची कल्पना आणली. एकाच प्रकारच्या खनिजाच्या क्षेत्रात एका पट्ट्याच्या सीमेपासून दुसऱ्या पट्ट्याची सीमा ५०० मीटरांपेक्षा कमी अंतरावर असेल तर ते पट्टे एक समूह धरले जातात, आणि समूहाचे एकूण क्षेत्र पाच हेक्टरांवर गेले की आघात मूल्यांकन व जनसुनावणी टाळता येत नाही. अंतर सीमेपासून सीमेपर्यंत मोजायचे असते. खड्ड्याच्या मध्यापासून मोजलेला नकाशा कोणी दाखवला तर तो मान्य करू नये. काही जुने किंवा दीर्घकाळ बंद असलेले पट्टे या मोजणीतून वगळले जातात, तेव्हा शेजारच्या दोन्ही खाणी केव्हापासून आणि कोणत्या मंजुरीने चालू आहेत हे जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडून आधी लेखी घ्यावे.

हरकत राज्यस्तरीय प्राधिकरणाच्या सदस्य-सचिवांना लेखी पाठवता येते. सुनावणी नसली तरी निवेदन द्यायला बंदी नाही. जिल्हा सर्वेक्षण अहवालाकडेही लक्ष ठेवावे. त्याचा मसुदा २१ दिवस जनतेच्या अभिप्रायासाठी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो, आणि खाणीला योग्य जागा कोणती हे प्रथम तेथे ठरते. ‘रात्री ऐकतो’ एवढ्यावर मात्र थांबू नका. गव्हाणी घुबड, पिंगळा, शृंगी घुबड यांचे आवाज वेगळे आहेत आणि ती राहतातही वेगळ्या जागी. कोणते घुबड, कोणत्या बाजूला, हे ठरल्याशिवाय अर्ज उभा राहत नाही. गावाची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची अधिकृत नोंद, झाली असेल तर तीत ही नोंद करून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी ती सरकारी कागदात आधीच असेल.

प्रश्न : आमचा तालुका नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. खडीच्या खाणीसाठी मागितलेल्या जागेलगत सागाच्या झाडांवर एक लहान घुबड भरदिवसा बसलेले दिसते. ते वनपिंगळा असू शकेल का? आणि तसे असल्यास काय फरक पडतो?

उत्तर : असू शकेल, आणि फरक फार पडतो. १८८४ नंतर ज्याची खात्रीलायक नोंदच नव्हती तो वनपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये पुन्हा सापडला, तो आपल्याच भागात, शहाद्याजवळ. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. ११३ वर्षे हरवलेला पक्षी! भारताबाहेर तो कोठेही नाही, आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे आणि वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी अभ्यासक्षेत्रात असेल तर मोठ्या खाणीच्या अहवालात त्याच्या संवर्धनाचा आराखडा, खर्चाच्या तरतुदीसह आणि वनविभागाच्या सल्ल्याने, द्यावा लागतो.

परंतु साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो, तेव्हा घाई करू नये. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. वनपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि अंगलट अधिक ठेंगणी, दणकट असते. चांगले छायाचित्र घेऊन वनविभागाकडे ओळख पटवून घ्यावी. पक्षी कोणताही निघाला तरी आपल्या हातात एक वेगळे साधन आहे : आपले गाव अनुसूचित (म्हणजे राज्यघटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी) क्षेत्रात असेल तर अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यानुसार गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. सागाची झाडे वनजमिनीवर असतील तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची केंद्रीय परवानगी वेगळी लागते. ग्रामसभेच्या ठरावात पक्ष्याचे नाव खात्री झाल्यावरच घालावे.

प्रश्न : मी स्वतः खाण चालवतो. या जानेवारीत ब्रेकर लावताना कामगारांना कड्याच्या फळीवर तीन पांढरी अंडी दिसली आणि घुबड उडाले. मी त्या बाजूचे काम थांबवले, पण वीस-बावीस माणसांचे पोट खाणीवर आहे. अंडी उचलून बाजूच्या कपारीत ठेवली तर चालेल का? माझा पट्टा रद्द होईल का?

उत्तर : काम थांबवलेत, हे योग्यच केले. अंडी हलवू नयेत. हेतू चांगला असला तरी कायद्याच्या भाषेत तो उपद्रवच ठरतो, आणि व्यवहारातही त्याचा उपयोग नाही, कारण पक्षी अंड्यांच्या मागे नव्या जागी जाईल याचा भरवसा नाही. त्याच दिवशी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. आपण स्वतःहून दिलेली सूचना हाच आपला सर्वांत मोठा बचाव आहे. घरटे सापडले एवढ्या कारणाने पट्टा रद्द होत नाही. सापडल्यावर कळूनसवरून तिथे सुरुंग लावला तर मात्र प्रकरण गुन्ह्याचे होते.

एका कड्यासाठी संपूर्ण खाण बंद ठेवण्याची गरज सहसा पडत नाही. खाणीच्या उलट्या बाजूच्या पायरीवर काम वळवावे, सुरुंगाऐवजी शक्य तेथे ब्रेकर वापरावा, संध्याकाळनंतर त्या बाजूला दिवे आणि डंपर नसावेत, आणि पिल्ले उडेपर्यंत, म्हणजे साधारण उन्हाळा संपेपर्यंत, ती फळी सोडून द्यावी. पुढच्या वर्षीचा उत्खनन आराखडा करताना तो कडा नकाशावरच वगळलेला दाखवावा. विस्ताराचा अर्ज करायची वेळ आली तर हा नकाशा आपल्या बाजूने बोलेल. पहिल्या प्रश्नातील बाईंनी मागितले आहे तेही याहून फार वेगळे नाही.

कामगारांना एक गोष्ट आजच सांगून ठेवावी. घरट्याजवळ माणूस आला की शृंगी घुबड कधीकधी जमिनीवर उतरते आणि पंख मोडल्यासारखे फरफटत जाते. ते जखमी नसते, आपल्याला घरट्यापासून लांब न्यायचे त्याचे सोंग असते. ‘बिचारे लागले आहे’ म्हणून पोत्यात घालून त्याला गावात आणण्याचा मोह होतो आणि मग अंडी खरोखरच थंड पडतात. असे घुबड दिसले तर त्याच्यामागे न जाता माघारी फिरावे आणि त्या बाजूचे पोकलेन त्या दिवसापुरते बंद ठेवावे.